वनहक्काचा आराखडा: पोकळ झाडं काढावीत का?

प्रश्न: नंदुरबारमधल्या तोरणमाळ पट्ट्यातलं गाव, सामूहिक वनहक्क (गावानं मिळून जंगल सांभाळण्या-वापरण्याचा हक्क) मिळालेला. आराखड्यात दोन कामं सुचवलीत: वाळकी-पोकळ झाडं जळणाला काढणं आणि मोकळ्या जागेत सागलागवड. जंगलात रानपिंगळा (दुर्मिळ छोटं घुबड) आहे. काय बदलावं?

उत्तर १: भाऊ, दोन्ही कामं त्याच्या मुळावर येणारी. १८८४ नंतर हा पक्षी थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो स्वतः ढोली कोरत नाही. सुतार पक्ष्यानं सोडलेली किंवा फांदी मोडून कुजलेली ढोली लागते. त्यामुळे तोडीआधी ढोलीवाल्या झाडांना राखायची खूण म्हणून रंगाचा पट्टा मारा, जळणाला आडवं पडलेलंच लाकूड घ्या. वीण साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणजे नेमकी तोडीच्या हंगामात. सकाळी फिरून बघा: डोक्यावर जवळजवळ ठिपके नसलेला, दिवसाउजेडी शेपटी हलवणारा पिंगळा म्हणजे तोच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात. आणि सरडे-उंदीर तो उघड्या जागेतच टिपतो, तिथं दाट साग लावलात तर शिकारच बंद.

उत्तर २: वणव्याचं कलम आधी घाला. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पालापाचोळा फुलं वेचायला पेटवतात, तीच आग सुटते. पोकळ खोड धुराड्यासारखं आतून पेटतं. शिवाय मोहाची रोपं जळून पुढची पिढीच येत नाही. पाला झाडून बाजूला करा, नाहीतर खाली जुन्या साड्या अंथरा. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा) फेब्रुवारीतच साफ हवी. ढोलीवाल्या झाडांच्या बुंध्याभोवती पाच-सहा फूट मोकळं ठेवा.

उत्तर ३: रानपिंगळा उंदीर खातो, म्हणून जंगलाला लागून शेतं असतील तर उंदीर मारायचं विषारी औषधही बघा. झिंक फॉस्फाईडनं मेलेले उंदीर बांधावर पडू देऊ नका, गोळा करून खोल पुरा.