प्रथम वर्षाच्या मुलांना शैक्षणिक लेखन कसं शिकवावं? सल्ला हवाय

खडूफळा
सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात यंदा एफ.वाय.चा लेखनकौशल्याचा पेपर माझ्या गळ्यात पडलाय. २ क्रेडिट, म्हणजे ३० तास. पटावर ८४ मुलं, वर्गात पन्नासेक.

पहिला गृहपाठ दिला, 'आमच्या तालुक्यातला पाणीप्रश्न'. ३९ जणांनी आणून दिला. २२ जणांचा शब्दन् शब्द सारखा. त्यातही 'आमच्या मराठवाड्यात' असं लिहिलेलं! संदर्भसूची: १. गुगल २. विकिपीडिया ३. सरांच्या नोट्स. मी या विषयावर नोट्स दिलेल्याच नाहीत.

संशोधनपद्धतीची मराठी पुस्तकं चाळली. ती गृहीतकं आणि नमुना निवडीपासूनच सुरू होतात. माझ्या पोरांना अजून एक धड परिच्छेद जमत नाही. सुरुवात कुठून करू?

नियमबहाद्दर
सोपं आहे. सॉफ्टवेअरमधून काढा, १० टक्क्यांच्या वर साम्य दिसलं की शून्य गुण. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम आहेत, कुणी बोट दाखवू शकणार नाही.

अर्धविराम
@नियमबहाद्दर, ते नियम एकदा उघडून वाचा. ते प्रबंध, शोधनिबंध वगैरेंसाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका त्यातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. आणि टक्का सांगून पोराला काय कळणार? तो चार शब्द बदलून टक्का खाली आणेल. 'पाणी'चं 'जल' करेल, बस.

जुना_मास्तर
३१ वर्षं शिकवलं, त्या बळावर लिहितो. पोरांना चोर समजू नका. दहावीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. ते स्वमतसुद्धा गाईडात छापून मिळतं आणि पोरं पाठ करून लिहितात. त्याला गुण मिळतात! पुढे पर्यावरणाचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, कव्हरवर फक्त नाव घालायचं. छापलेलं उत्तर ते बरोबर आणि आपलं ते चूक, हे बारा वर्षं आपणच शिकवलं. आता एफ.वाय.ला 'स्वतःच्या शब्दांत लिहा' म्हटलं की पोरगं गांगरतं, कारण स्वतःचे शब्द कधी कुणी मागितलेच नव्हते.

मी एकच करायचो. अर्ध्या पानाचा उतारा द्यायचा, दोनदा वाचू द्यायचा, मग कागद परत घ्यायचा. शेजारच्याला तोंडी सांग. बोललास ना, आता तेच लिही. बोलताना कुणी उतारा जसाच्या तसा म्हणत नाही. वाक्यं ओबडधोबड येतात, पण त्याची असतात. पहिले आठ तास याच्यापलीकडे जायचं नाही. अभ्यासक्रम राहतो मागे, राहू दे.

पाटणखोरं
मास्तरांना दंडवत. पण नुसता उतारा परत सांगणं म्हणजे सारांश झाला. संदर्भ का द्यायचा हे त्यातून कळत नाही. तुम्ही साताऱ्याचे आहात तर विषय दाराशी आहे: ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप.

मुलांना तीन-चार ठिकाणचे उतारे द्या. एखादी विश्वकोशातली नोंद, एखादी वर्तमानपत्रातली आठवण, एखादा भूगर्भशास्त्राचा लेख. तीव्रता कुठे ६.३ सापडेल, कुठे ६.५, कुठे ६.६. मृतांचा आकडा कुठे १८० च्या आसपास, कुठे २००. मग विचारा, तुम्ही कुठला लिहिणार? वर्गात भांडण लागतं. तेव्हा कुणीतरी म्हणतंच, 'सर, कुठनं घेतलाय ते लिहू या ना.' त्या दिवशी तळटीप शिकवायची. आधी स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे हे शिकवलंत तर ती नुसती रांगोळी होते.

दुसरं, त्याच विषयात भाषा शिकवता येते. गावात सगळे बिनधास्त म्हणतात, 'धरणामुळं भूकंप झाला.' शास्त्रज्ञ तसं लिहीत नाहीत. जमिनीत ताण आधीच होता, जलाशयातल्या पाण्यामुळे तो मोकळा होण्याला चालना मिळाली असावी, अशा बेताने लिहितात. फळ्यावर चार वाक्यं मांडा: झाला, झाला असावा, झाला असे मानले जाते, झाला असे अमक्याचे म्हणणे आहे. चारांत फरक काय? आपल्या मराठीत यासाठी केवढी सोय आहे, आणि पोरं सगळीकडे 'आहे'च ठोकतात.

बर्फातली_बाई
मी मूळची सांगलीची, सध्या अमेरिकेत पीएच.डी. करतेय आणि पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गाला शिकवते. इथे बहुतेक विद्यापीठांत हा वर्ग सक्तीचा असतो. माझ्या वर्गात २० जण आहेत, तुमच्या ८४ समोर ही चैनच. तरी एक गोष्ट नेता येईल: लाल पेनाने सगळ्या चुका काढू नका. एका कागदावर दोनच शेरे, आणि तोच कागद पुन्हा लिहून मागायचा. गुण दुसऱ्या खर्ड्याला. शुद्धलेखन अगदी शेवटी. पहिल्याच फेरीत ऱ्हस्वदीर्घावर गोल केले तर मूल तेवढंच सुधारतं आणि मुद्दा आहे तिथेच राहतो.

नियमबहाद्दर
आणि चॅटजीपीटीचं काय? घरून लिहून आणलं की संपलं सगळं.

जुना_मास्तर
म्हणून तर घरी लिहायला द्यायचंच नाही. वर्गात, हाताने, चाळीस मिनिटं.

खडूफळा
तीन आठवड्यांनी परत आलोय. दोन्ही करून पाहिलं. उतारा परत घेतल्यावर पहिल्या दिवशी अर्धा वर्ग गप्प. चौथ्या तासाला गोंगाट एवढा की शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या.

कोयनेचा विषय जरा हाताबाहेर गेला. एका मुलीने पाटण तालुक्यातल्या आपल्या आजीला विचारलं आणि सव्वा पान लिहून आणलं. पहाटे भांडी फडताळातून खाली आली, आजोबांनी पहिल्यांदा गुरं सोडली, मग पोरांना बाहेर काढलं. यावरून घरात अजून वाद होतो म्हणे. वाक्यं तुटक आहेत, पण एकही ओळ कुठून उचललेली नाही. ती विचारते, संदर्भसूचीत आजीला कसं लिहायचं? मलाही ठाऊक नाही.

पाटणखोरं
आजीचं नाव, वय, गाव, 'प्रत्यक्ष मुलाखत', आणि तारीख. मुलाखत घेणारीचं नावही. सूचीत मुलाखती वेगळ्या गटात टाका, पुस्तकांत मिसळू नका.

बर्फातली_बाई
आणि नाव घालायच्या आधी आजीला विचारायला सांगा. गुरांच्या भानगडीमुळे आजोबांनाही.