सवत, धाकटी की चौथी बाईसाहेब?

चिनी दिग्दर्शक झांग यिमूच्या 'रेज द रेड लँटर्न' (1991) या चित्रपटातले संवाद मी हौसेने मराठीत उतरवते आहे आणि पहिल्याच प्रसंगाला अडले आहे. एकोणीस वर्षांची सोंगलियान सावत्र आईला सांगते, की मी श्रीमंताशी लग्न करेन. आई म्हणते, मग तुला तिथे दुय्यम बायको म्हणूनच राहावं लागेल. या 'दुय्यम'ला मराठीत काय म्हणू? रखेल, अंगवस्त्र, उपपत्नी, सवत?

—

ताई, रखेल आणि अंगवस्त्र नकोच. त्या बाया घराबाहेरच्या. चौथी बायको म्हणून आलेल्या सोंगलियानला वाड्यात स्वतःचा चौक आहे, मोलकरीण आहे, जेवणाच्या पंगतीत ठरलेली जागा आहे. जुन्या चिनी कायद्यात पत्नी ('छी') एकच असे, बाकीच्या 'छिए'. सू तोंगच्या मूळ लघुकादंबरीच्या चिनी नावात हे दोन्ही शब्द शेजारी आहेत. उपपत्नी अर्थाने बरोबर, पण बोलण्यात कोण वापरतं?

सवत मात्र वेगळ्या जातीचा शब्द आहे. तो संस्कृत सपत्नीपासून आला, म्हणजे जिचा आणि माझा पती एकच ती. हे नातं बाईचं बाईशी आहे, नवऱ्याशी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सवतीला दूर घालवण्यासाठी वनस्पती उपटण्याचं सूक्त (10.145) आहे. संस्कृतात शत्रूला 'सपत्न' म्हणतात, तो शब्द या सपत्नीवरूनच घडला. एवढं वैर ज्या शब्दात मुरलंय तो निवेदनात हवाच. पण कोणी 'मी त्या घरची सवत होणार' असं म्हणणार नाही. सवत नेहमी कुणाची तरी असते.

(सवतासुभ्याचा इथे संबंध नाही. त्यातला सवता म्हणजे वेगळा, स्वतंत्र.)

—

चिनीत आईच्या त्या वाक्यात 'त्सुओ श्याओ' आहे, शब्दशः 'लहान होणं'. आपल्याकडे थोरली-धाकटी आहेच की! 'श्रीमंताघरी जाशील तर धाकटी म्हणूनच जाशील.' नोकरांच्या तोंडी 'चौथ्या बाईसाहेब', आणि सोंगलियान थोरलीला 'दाज्ये' म्हणते तिथे सरळ 'अक्का'.

खरी पंचाईत दिव्यांची आहे. मालक रात्री जिच्याकडे जाणार तिच्या चौकात लाल कंदील लागतात, तशी आरोळी दिली जाते. 'चौथीचे दिवे लावा' लिहिलंत तर मराठी कानाला ते 'काय दिवे लावलेस!' असंच ऐकू येईल. 'चौथ्या चौकात कंदील!' एवढंच ठेवा. सकाळी कंदील विझवू नका, मालवा. सोंगलियानचं गरोदरपणाचं सोंग उघडं पडल्यावर कंदिलांवर काळ्या कापडाची आवरणं चढतात, त्यांना गवसणी म्हणा. तंबोऱ्यावर घालतात तीच. वाजणं बंद झाल्याचा भाव त्यात आपोआप येतो.

—

गवसणी! हे मला सुचलंच नसतं. धाकटी आणि अक्काही घेते.

जेवणाच्या प्रसंगाला म्हण वापरू का? जिच्याकडे कंदील लागले तिला दुसऱ्या दिवशी पदार्थ सांगायचा मान, बाकीच्यांनी समोर येईल ते खायचं. 'नावडतीचं मीठ अळणी' अगदी चपखल बसते.

—

बसते, पण पात्रांच्या तोंडी घालू नका. ते घर उत्तर चीनमधलं आहे, चित्रीकरण शान्शी प्रांतातल्या छियाओ घराण्याच्या वाड्यात झालंय. म्हण आली की पडद्यावरचा वाडा एकदम सदाशिव पेठेतला होईल. शब्द आपले घ्या, म्हण तुमच्या प्रस्तावनेसाठी ठेवा.