शाळेत शिक्षक विकास समिती: तुमच्याकडे कशी उभी राहिली?

आमच्या दादरच्या शाळेत जूनपासून शिक्षकांचं प्रशिक्षण बघणारी अशी समिती करायचं ठरलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय, ते तास भरायचेच आहेत तर वर्गात उपयोगी पडतील असे भरावेत असं मला मनापासून वाटतं. समितीत कोणाला घेतलं, वेळ कुठून काढला, काय फसलं, सगळं लिहा.

परळ, माध्यमिक
पहिल्या वर्षी ज्येष्ठता यादीतली वरची पाच नावं उचलली आणि झाली समिती. मग शनिवारी शाळा सुटल्यावर व्याख्यानं, बदलापूर-विरारवाल्यांचं सगळं लक्ष लोकलकडे. दुसऱ्या वर्षी आम्ही सगळ्यांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या, वर्गात नेमकं कुठे अडतं ते लिहा म्हणून, तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत एकच गोष्ट, सातवी-आठवीतल्या काही मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत आणि ती कशी शिकवायची हे आम्हाला बीएडला कोणी शिकवलंच नाही. उत्तर खालच्या मजल्यावर होतं, आमच्याच प्राथमिक विभागात! पहिलीच्या बाईंनी आम्हाला समोर बसवून तास घेऊन दाखवला. वीस वर्षं विज्ञान शिकवतोय, पण त्या दिवशीइतकं मी कुठल्याच प्रशिक्षणात शिकलो नाही. आता त्या बाई समितीत आहेत.

मुलुंड
सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनांची शाळा असेल तर दोन्हीकडचे लोक घ्याच. आमची दुपारची मंडळी येईपर्यंत सकाळची निघालेली असायची. आता महिन्यातून एकदा मधली वीस मिनिटं राखून ठेवलीत, पुरत नाहीत खरं तर.

बोरिवली, पर्यवेक्षिका
तास बघायला मागे कोणी बसलं की शिक्षक घाबरतात, कारण शेरा गोपनीय अहवालात जाईल असं वाटतं. म्हणून समितीने पाहिलेल्या तासाची नोंद ऑफिसात जाणार नाही असं मुख्याध्यापकांकडून लेखी घेतलं, त्यानंतरच लोक एकमेकांच्या वर्गात जायला लागले.

कुर्ला
सरकारच्या दीक्षा पोर्टलवरचे ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षणाचे ऑनलाइन कोर्स सगळ्यांनी घरी एकेकट्याने पूर्ण केले, सर्टिफिकेटं आली, वर्गात काही उतरलं नाही. आता एक भाग स्टाफरूममध्ये एकत्र बघतो आणि पुढच्या आठवड्यात कोणी काय करून पाहिलं ते सांगतो. आणि लिपिक, शिपाईमामांनाही बोलवा, घाबरलेलं मूल सकाळी गेटवर आधी त्यांनाच दिसतं.

धागाकर्ती
बोरिवलीच्या ताई, ते लेखी पत्र कसं लिहिलं होतं सांगाल का? सोमवारी आमच्या बाईंसमोर तोच मुद्दा पहिला मांडते.