प्रतिसाद: बलोची शाळेत आली की टिकेल?

बलोची ही मुख्यतः पाकिस्तानातल्या बलुचिस्तान प्रांतात बोलली जाणारी भाषा. ती शाळेत शिकवली की टिकण्याचा प्रश्न मिटेल, असं म्हटलं जातं. अर्धंच पटलं. क्वेट्ट्याची (बलुचिस्तानची राजधानी) बलोची अकादमी 1961 पासून पुस्तकं काढतेय. पण मकरानी, रख्शानी आणि पूर्वेकडची सुलेमानी या बोलींपैकी 'प्रमाण' कुठली, यावर एकमत नाही. लिपीचंही तेच: बहुतेक लिखाण अरबी-फार्सी लिपीत, तर काहींचा आग्रह रोमनचा. पाठ्यपुस्तक काढायचं म्हटलं की आधी हाच वाद.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कराचीतल्या मलीरचं सय्यद हाशमी ग्रंथालय. ज्यांचं नाव त्याला आहे त्या हाशमींनी बलोचीचा मोठा शब्दकोश रचला. ग्रंथालय उभारलं प्रा. सबा दश्तियारी यांनी. बलुचिस्तान विद्यापीठात ते शिकवायचे इस्लामी अभ्यास, पण जीव बलोचीत! जून 2011 मध्ये क्वेट्ट्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. अशा ठिकाणी भाषेचं काम म्हणजे निव्वळ हौस नव्हे.

 

2 मार्चला बलोच संस्कृती दिन असतो. पगड्या, भरतकामाचे कपडे, नाच, सगळं छान. पण त्या दिवशी फोटो टाकणाऱ्यांपैकी बलोची लिहिता-वाचता किती जणांना येतं, हे विचारायला हवं.