प्रथिन गाळात जात असेल तर आधी तापमान बघा
ताई, तुमचं मानवी प्रथिनाचं डोमेन (स्वतंत्र घडी पडणारा भाग) ई. कोलाय या जिवाणूत भरपूर बनतं, पण सगळं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गुठळ्यांत जातं, असं तुम्ही लिहिलंय. टॅग (प्रथिनाला जोडलेला जास्तीचा तुकडा) बदलण्याआधी तापमान बघा. ३७ अंशांवर जिवाणू इतक्या झपाट्याने प्रथिन बनवतो की त्याला नीट घडी पडायला सवडच मिळत नाही. ओडी (जिवाणू किती वाढले ते सांगणारं गढूळपणाचं माप) ०.६च्या आसपास आली की फ्लास्क थंड करा, मगच आयपीटीजी (प्रथिन बनवणं सुरू करणारं रसायन) घाला, तेही ०.१ ते ०.२ मिलिमोलर, आणि रात्रभर १८ अंशांवर ठेवा. आपल्या नागपुरात खरी मेख इथेच आहे. साधा शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) फक्त गरम करतो. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तिथे पडद्यावर १८ लावून काही होत नाही. थंड करणारा शेकर शेजारच्या विभागाकडून मागून घ्या, आणि आत पाण्याचा फ्लास्क ठेवून थर्मामीटरने खात्री करा.

मग डोमेनची टोकं. अल्फाफोल्ड या संगणकीय प्रोग्रामच्या रचनेच्या अंदाजात एखादं हेलिक्स (मळसूत्री वळण) मधोमध कापलं जात नाही ना, ते पाहा. चार-पाच अमिनो आम्लं मागेपुढे केलेले दोन-तीन तुकडे एकदमच क्लोन करा. माझ्या मते हा खर्च सगळ्यात आधी वसूल होतो. डायसल्फाइड बंध (गंधकाच्या अणूंमधले जोड) असतील तर शफल स्ट्रेन, म्हणजे ते बंध जुळू देणारा ई. कोलायचा प्रकार घ्या. आणि प्रथिन विरघळलेलं दिसलं, तरी जेल फिल्ट्रेशनमध्ये (आकारानुसार प्रथिनं वेगळी करण्याच्या पद्धतीत) ते व्हॉइड व्हॉल्यूमलाच, म्हणजे सगळ्यात आधी बाहेर आलं तर बहुतेक गुठळ्याच आहेत. ते स्फटिकीकरणाला लावू नका.