मदत हवी आहे: पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या अध्यापन कौशल्य कार्यशाळेत एकमेकांच्या पाठावरील अभिप्राय उपयोगी कसा करावा?

नमस्कार.

राज्यातील एका विद्यापीठात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पुढील सत्रात पीएच.डी.च्या ३० विद्यार्थ्यांसाठी तीन दिवसांची अध्यापन कौशल्य कार्यशाळा घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि त्यातील एका नेमक्या अडचणीबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. मी बी.एड. केलेले नाही, तेव्हा त्या क्षेत्रातील परिभाषा थोडी उलगडून सांगितल्यास बरे होईल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत, विषय कोणताही असला तरी, संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाशी संबंधित अध्यापन, शिक्षणशास्त्र आणि लेखन यांचे प्रशिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. ट्यूटोरियल, प्रात्यक्षिके आणि मूल्यमापन यांसाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचे कामही त्यांना देता येते. प्रत्यक्षात या प्रशिक्षणाची बोळवण बऱ्याचदा कोर्सवर्कमधील एखाद-दुसऱ्या व्याख्यानावर होते. व्याख्यानपद्धतीच्या मर्यादा या विषयावर सलग दीड तास चाललेले व्याख्यान मी स्वतः ऐकलेले आहे. ते टाळायचे म्हणून प्रत्येकाने दहा मिनिटांचा पाठ घ्यावा आणि इतरांनी त्यावर बोलावे, अशी आखणी मी केली आहे.

अडचण या ‘बोलण्या’ची आहे. आमच्याच विभागात याची छोटी रंगीत तालीम घेतली. एका विद्यार्थिनीने परासरण (ऑस्मोसिस, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणे) हा विषय घेतला होता. रात्रभर साध्या पाण्यात भिजवलेले टम्म मनुके आणि साखरेच्या दाट पाकात घातल्यावर पुन्हा आक्रसलेले मनुके अशा दोन वाट्या तिने सोबत आणल्या होत्या. पण पहिली सात-आठ मिनिटे व्याख्या, अर्धपार्य पटल (पाणी जाऊ देणारा, पण साखर अडवणारा पडदा) आणि आकृती यांतच गेली, वाट्या टेबलाच्या कडेला झाकलेल्या राहिल्या आणि वेळ संपत आल्याची खूण झाल्यावर त्या घाईघाईने सर्वांसमोरून फिरल्या. “समजले ना?” या प्रश्नावर सर्वांनी माना डोलावल्या. नंतर अभिप्राय मागितला तेव्हा “छान झाले”, “आवाज स्पष्ट होता”, “फळ्याकडे पाठ करू नये” यापलीकडे कोणीही गेले नाही. त्या मनुक्यांनी पाठाची सुरुवात झाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न एकालाही पडला नाही, किंवा पडला असेल तर त्याने तो बोलून दाखवला नाही.

न बोलण्याची कारणे मला दिसतात. सहभागी होणाऱ्यांपैकी काही जण तासिका तत्त्वावर अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवत आहेत, तर काही जण जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती) मिळवून थेट प्रयोगशाळेत आले आहेत. वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाच्या पाठातील उणीव चारचौघांत दाखवणे आपल्याकडे अवघड जाते. त्यात विषय वेगवेगळे, त्यामुळे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणतो, “मला रसायनातले काय कळते, मी काय बोलणार?” याच्या उलट एखादे प्राध्यापक निरीक्षक म्हणून बसले, तर ते पाठ बाजूला ठेवून विषयज्ञानाची तोंडी परीक्षाच सुरू करतात.

तेव्हा माझे विचारणे असे की, अभिप्राय प्रामाणिक असावा, पण कोणाचा पाणउतारा होऊ नये, यासाठी सत्राची रचना कशी करावी? निरीक्षण तक्ता द्यावा की नको? आणि ३० जणांना पुरतील इतके सूत्रसंचालक कोठून आणावेत?

प्रतिसाद १

मी बी.एड. महाविद्यालयात अनेक वर्षे सूक्ष्म अध्यापन (म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठांतून अध्यापनाचा सराव) घेत आलो आहे, म्हणून त्या अंगाने लिहितो. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेली ही पद्धत पुढे आपल्याकडे रुजली आणि एनसीईआरटीने तिचे ३६ मिनिटांचे चक्र रूढ केले. त्यात ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुन्हा पाठ आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण असा क्रम असतो. प्रत्याभरण म्हणजे तुम्ही ज्याला अभिप्राय म्हणता तेच. तुमच्या आखणीत मला दुसऱ्या पाठाची उणीव भासते. ऐकलेली सूचना लगेच वापरून पाहण्याची संधी नसेल, तर ऐकणारा ती मनावर घेत नाही आणि सांगणाराही जीव ओतून सांगत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, एका पाठात एकच कौशल्य तपासावे. प्रश्न विचारणे, फलकलेखन, उदाहरण देऊन स्पष्टीकरण, चेतक बदल (म्हणजे आवाज, हालचाल, साधने यांत बदल करून लक्ष टिकवणे) यांपैकी एक निवडावे आणि निरीक्षकांनी त्याच्याच नोंदी कराव्यात. तक्ता जरूर द्या, पण त्यात ‘उत्तम, मध्यम, सुमार’ असे रकाने ठेवू नका. किती प्रश्न विचारले, त्यांपैकी किती प्रश्न ‘समजले ना?’ या प्रकारचे होते, उत्तरासाठी शिक्षक किती सेकंद थांबला, अशा मोजता येणाऱ्या नोंदी असू द्या. मोजलेला आकडा वाचून दाखवताना कोणालाही संकोच वाटत नाही.

प्रतिसाद २

मी कॅनडात पीएच.डी. करताना तेथील ‘इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉप’मध्ये आधी सहभागी म्हणून आणि नंतर सूत्रसंचालक म्हणून काम केले आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश कोलंबिया प्रांतात महाविद्यालयीन शिक्षकांसाठी सुरू झालेली ही कार्यशाळा आता अनेक विद्यापीठांत संशोधक विद्यार्थ्यांसाठीही होते. साधारण २४ तासांची कार्यशाळा, चार ते सहा जणांचा गट आणि प्रत्येकाचे दहा मिनिटांचे तीन पाठ, असे तिचे स्वरूप असते. पाठाची आखणी ‘बॉप्स’ या सहा पायऱ्यांच्या साच्यावर करतात: विषयाकडे नेणारी सुरुवात, उद्दिष्ट, पूर्वज्ञानाची चाचपणी, सहभागातून शिकणे, शेवटची चाचपणी आणि समारोप. तुमच्या विद्यार्थिनीचे मनुके या साच्यात पहिल्याच मिनिटाला टेबलावर आले असते.

पण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथील एका नियमात आहे. बी.एड.च्या पाठात सहाध्यायी बहुधा आठवी-नववीच्या मुलांची भूमिका घेऊन बसतात. तेथे कोणीही भूमिका घेत नाही. तुम्ही जे आहात तेच राहून तो विषय खरोखर शिकायचा असतो. त्यामुळे अभिप्राय देणाऱ्याने शिक्षकाला गुण द्यायचे नसतात, तर शिकताना स्वतःचे काय झाले तेवढेच सांगायचे असते. “पटलाची आकृती आली तिथे माझा धागा सुटला”, “वाटी हातात आल्यावर पाणी कुठल्या दिशेने गेले असेल याचा मी पहिल्यांदा विचार केला”, अशी ही वाक्ये असतात. यात ज्येष्ठ-कनिष्ठ हा प्रश्न बराच निवळतो, कारण माझा धागा सुटला की नाही हे माझ्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. तुमचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी तर इथे सर्वांत मोलाचा ठरतो. रसायनवाल्याला वगळलेली पायरी आधीच ठाऊक असल्याने ती वगळली गेल्याचे त्याच्या लक्षातच येत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. पाठ संपताच कोणी बोलायचे नाही. आधी सर्वांनी काही मिनिटे लेखी लिहायचे, मग तोंडी चर्चा. लिहिलेले असले की पहिला बोलणारा “छान झाले” म्हणाला तरी बाकीच्यांना त्याचीच री ओढता येत नाही. पाठाचे चित्रण करतात, पण ते फक्त पाठ घेणाऱ्यासाठी असते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, तरी वेळेचा हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. मांडणी, पाठ, लेखन आणि चर्चा मिळून एका पाठाला सुमारे ४० मिनिटे लागतात. सर्वांना एकाच सभागृहात बसवले तर ३० पाठांना २० तास हवेत, म्हणजे तीन दिवस एकेका पाठातच संपतील आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ऐकण्याची ताकद कोणातही उरणार नाही. पाच-पाच जणांचे सहा गट केल्यास एक फेरी तीन तास वीस मिनिटांत होते; रोज एक फेरी घेतली की प्रत्येकाचे तीन पाठ होतात आणि पहिल्या प्रतिसादातील पुनर्नियोजनाला मधली संध्याकाळ मिळते. सभागृहाचा मोह मात्र सोडावा लागेल. आपल्याकडे उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि सत्कार यांत पहिली सकाळ जाते, तीही या हिशेबात धरा किंवा सरळ टाळा.

सूत्रसंचालक म्हणून तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांपैकी सहा जण निवडा आणि आधी त्यांचे एकमेकांसमोर पाठ घ्या. अनुभवी माणसाला केवळ सहभागी म्हणून बसवले की तो अवघडतो. जबाबदारी दिली की खुलतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सहा गट, लेखी अभिप्राय आधी आणि रोज एक फेरी, इतके मी ठरवले आहे. पहिल्या दिवशी मोजणीचा तक्ता द्यावा आणि दुसऱ्या दिवसापासून तो काढून घेऊन केवळ ‘शिकताना माझे काय झाले’ एवढेच लिहायला सांगावे, असा विचार आहे.

एक शंका अजून आहे. काही मार्गदर्शकांनी आपल्या विद्यार्थ्याचा पाठ पाहायला येण्याची इच्छा व्यक्त केली आहे. त्यांना नाही म्हणणे कठीण आहे, पण गाइड खोलीत असताना विद्यार्थी मोकळेपणाने काही करून पाहील असे वाटत नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

त्यांना बोलवा, पण स्वतःच्या विद्यार्थ्याच्या गटात बसवू नका. रसायनाच्या प्राध्यापकांना मराठीच्या किंवा अर्थशास्त्राच्या गटात शिकायला बसवा आणि इतरांसारखाच कोरा कागद द्या. ही अट ऐकून जे येतील ते उपयोगाचेच ठरतील.