न्यूझीलंडला हरणाच्या शिकारीसाठी कोणता स्कोप घ्यावा?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. पोरगा न्यूझीलंडला असतो, दक्षिण बेटावर. एप्रिलात आम्ही दोघं तिकडे चाललोय. तो म्हणतो, अण्णा, या खेपेला लाल हरणाच्या शिकारीला डोंगरात नेतो. रायफल त्याची (.३०८ कॅलिबरची), लायसन त्याचं, स्कोप (रायफलीवर बसवायची दुर्बीण) मात्र मी घेऊन देतो असं कबूल करून बसलोय. त्याला ६-२४ चा (६ ते २४ पट मोठं दाखवणारा) मोठा हवाय. आमच्या हिचं म्हणणं, मुळात मारायचंच कशाला? दोघांनाही उत्तर द्यायचंय. माझी अट एकच, जनावर तडफडायला नको.

फौजी_चाळीसगाव:
आधी वहिनींचं. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. ही हरणं इंग्रजांनी १९ व्या शतकात शिकारीच्या हौसेपायी नेऊन सोडली. त्यांना खाणारं कोणी नाही, मग रानातली कोवळी रोपं साफ करतात. म्हणून सरकारी रानात परवाना काढून मारू देतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषयच संपला.

आता पोराचं. ६-२४ ही टार्गेटवाल्यांची चीज. पुढचं भिंग ५० मिमीचं धरलं तरी २४ वर डोळ्यात येणारा झोत ५० भागिले २४, म्हणजे जेमतेम २ मिमी. हरणं बाहेर पडतात तिन्हीसांजेला, तेव्हा आपली बाहुली ५-६ मिमी उघडलेली असते. साधा ३-९x४० (३ ते ९ पट, पुढचं भिंग ४० मिमी) घ्या आणि ६ वर ठेवा, साडेसहा मिमी मिळतो. आपल्या वयात बाहुली तेवढी उघडत नाही, त्यामुळे तुम्हाला ८ वरही चालेल.

पटत नसेल तर संध्याकाळी बांधावर ८x४२ आणि १०x२५ अशा दोन दुर्बिणी घेऊन बसा. केळीत रोही शिरला की आधी १०x२५ ने बघा, नुसता काळा ढिगारा. मग ८x४२ लावा, कान हलताना दिसेल.

उरलेले पैसे चांगल्या रिंगांवर (स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्या) आणि काडतुसांवर घाला. शिकारीला जी काडतुसं वापरणार त्यांनीच झिरो करायचं, म्हणजे स्कोपमधला क्रॉस जिथे, गोळी तिथेच लागेल असं जुळवून घ्यायचं. १०० मीटरवर झिरो केलेली .३०८ ची गोळी २०० ला साधारण १० सेंमी खाली जाते, ३०० ला ४० च्या आसपास. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा वीतभर. तेव्हा २०० च्या पुढे हात आवरायचा, मग स्कोप कितीही भारी असो.

धुळेकर_भटक्या:
एप्रिलात तिकडे नर हंबरतात, रानात माणसंही फार असतात. झुडूप हललं म्हणून स्कोपमधून डोकावू नका, स्कोप जिकडे, तिकडेच रायफलीची नळी. बघायला गळ्यातली दुर्बीण. आणि तुमच्याकडे तिथलं लायसन नसेल तर पोरगा हाताच्या अंतरावर हवा, त्याने तेव्हा दुसरी रायफल चालवायची नाही. खरेदीही तिथेच करा.

केळीवाला_रावेर:
बांधावरचा प्रयोग केला. पोराला फोटो पाठवलाय, तो गप्प आहे 😀 चष्मा लावून बघायचं की काढून?

फौजी_चाळीसगाव:
लावूनच. डोळा आणि काच यांत ९ सेंमी जागा सुटेल असा बघा, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. मागची कडी फिरवून आकाशाकडे बघत क्रॉस काळाभोर करून घ्या. ते काम पोराच्या नाही, तुमच्या डोळ्याने करायचं.